शेवटचं प्यादं

"हारली असती तं बरं झालं असतं," बैठकीतून मोठ्या बाबांचा आवाज आला. "हारलेल्या मानसाले अक्कल तरी येते. हे पोट्टी अर्धा गुन घेऊन आली. अर्ध्या गुनाचं काय करते मानूस, लोनचं घालते?"

मी मागच्या न्हाणीत पाय धूत उभी होते. अमरावतीहून आम्ही नुकतेच अकोल्याला उतरलो होतो आणि बाबा माझ्या आधी हातपाय धुऊन बैठकीत जाऊन बसले होते. मोठे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघातिघांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात बाबांचंही मला ओळखू आलं. थोरल्या भावासमोर ते असंच हसत, सुरू होताहोताच घशात मिटणारं. मी तांब्यातलं पाणी भिंतीवरून ओघळू दिलं, आवाज होऊ नये म्हणून. "राहू दे तिले आता इथंच," मोठे बाबा पुढे म्हणाले. "कॉलेज इथून करन. पुढची निवड होईस्तोवर मी घडवतो तिले. तुमच्या त्या कॉन्व्हेंटनं पोरीचं पार पीठ करून टाकलं." मग बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं, दादा." मोठ्या बाबांना भेटून, पाया पडून परत यायचं, असं मला घरी सांगितलं होतं. आईनं माझ्या बॅगेत एवढे कपडे का भरले होते, ते मला त्या न्हाणीत कळलं.

अकोल्याचं ते घर दुकानाच्या मागं होतं, किंवा दुकान घराच्या पुढं होतं. कोण कोणाला चिकटलेलं होतं ते सांगणं कठीण. पुढं बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं, मध्ये बैठक, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून औषधांच्या डब्यांची खोली. त्या खोलीचा गोडसर, डोक्यात चढणारा वास सगळ्या घराला होता. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, पातोडीचा रस्सा असा करायची की अमरावतीत तसा मी पुन्हा खाल्ला नाही, पण पहिल्या घासाला तो वास यायचाच. दुसऱ्या घासापासून जिभेला सवय व्हायची. सुट्टीत आले की मी पहिला घास न चावता गिळायला शिकले होते. त्या वर्षांत पेपर उघडला की आतल्या पानावर कुठल्या ना कुठल्या गावातली, औषध पिऊन गेलेल्या शेतकऱ्याची, तीच बातमी असायची, आणि मोठी आई औषधांच्या खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचून ठेवायची. घरात आम्ही पोरं होतो म्हणून, असं मला वाटायचं. आज मला तसं वाटत नाही. जेवताना मोठे बाबा रश्श्यात बोट बुडवून चाटत आणि पाहुण्यांसमोर तिला म्हणत, "तू खाऊन पाह्य आधी. तुले तरी जाते का पाहू." ती उभ्यानं एक घास खायची, मग आम्ही जेवायला लागायचो. वर्षातून एकदा माहेरी, पातूरला जाणं मात्र तिचं कधी चुकलं नाही. तेवढं त्यांनी कधीच अडवलं नाही.

बुद्धिबळ मी त्यांच्याकडूनच शिकले. दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी लाल कापडाचा पट पसरला जायचा, घासून घासून नाकंडोळे गेलेल्या लाकडी सोंगट्या डब्यातून बाहेर यायच्या, आणि देशी पद्धतीचा डाव सुरू व्हायचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जायचं. राजाला शह बसला नसेल तर त्याला एकदा घोड्याची चाल मिळायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, समोरच्याची सगळी मोहरी मारली, त्याच्याकडे एकटा राजा उरला, की डाव तिथंच संपायचा. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. त्याला म्हणायचं बुर्जी. समोर बांगड्यांचं दुकान असलेले रशीदभाई जन्मभर मोठ्या बाबांशी हरत आले होते. त्यांना एकदाच बुर्जी मिळाली, तर त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ओट्याला चहा पाजला.

म्हणून मोठ्या बाबांचा पहिला धडा चालींचा नव्हता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यांनी माझं बोट धरून पटावरच्या एकुलत्या एक काळ्या प्याद्यावर टेकवलं आणि म्हणाले, "याले मारायचं नाही. कोनालेच पुरं खायचं नाही. पुरं खाल्लं की तो सुटते. एक ठेवा लागते त्याच्यापाशी, मंग त्याले मारता येते." आणि मारायचं ते प्याद्यानं. वजिरानं मात केली तर ते नुसतं जिंकणं. प्याद्यानं केली की समोरचा मान वर करत नाही. मी चुकून शेवटचं मोहरं मारलं की ते बोटांच्या पेरांवर लाकडी उंटानं मारत. जोरात नाही. पण त्याच पेरावर पुन्हा.

पेरणीच्या आधीच्या दिवसांत दुकानाच्या बाकावर माणसं बियाण्यासाठी बसून असत, भातकुलीकडची, नांदगाव खंडेश्वरची, कुठकुठली. मोठे बाबा त्यातल्या एकाला बोलवायचे, "या पाटील, एक डाव होऊन जाऊ द्या." डाव संपल्याशिवाय थैली मिळायची नाही. शेवटची एसटी गाठायची म्हणून माणसं घाईनं हरायला बघायची, हातानं मोहरी पुढं सारायची, घ्या म्हणायची, आणि मोठे बाबा घ्यायचे नाहीत. ते त्या माणसाला एका प्याद्यावर ठेवून अर्धा तास फिरवायचे. बाक हसायचा, कारण बाकावरच्या प्रत्येकाला अजून आपली थैली घ्यायची होती. पुढच्या हंगामात त्यातला एकजण आला नाही. कोणीतरी त्याचं नाव काढलं तेव्हा मोठे बाबा पट अंथरत होते. "खेळत बरा होता," एवढंच म्हणाले.

बाबांशी त्यांचा डाव रविवारचा. आजोबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा बाबांच्या वाट्याला भातकुलीजवळचं एक वावर आलं होतं, विहीर नसलेलं. बाकी सगळं अकोल्याला राहिलं. तरी आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी अकोल्याला यायचोच, आणि जेवण झालं की बाबा स्वतःच डबा उघडून मोहरी मांडायला लागायचे. हरणाऱ्यानं कोपऱ्यावरून चहा आणायचा असा ओट्याचा रिवाज होता. अमरावतीच्या कॉलेजात मुलं ज्यांना सर म्हणत ते माझे बाबा हातात तारेचं कडं धरून, त्यात ग्लास अडकवून रस्ता ओलांडताना मी कितीदा पाहिले ते सांगता येणार नाही. मी खिडकीतून बघायची. मी तेव्हाही कमी बोलायची. शाळेत इंग्रजीत बोलायला हवं म्हणून, आणि इथं माझं मराठी ऐकून "म्याडम आली" म्हणून हसत म्हणून. दोन्हीकडं गप्प राहणं सोपं पडायचं.

शाळेत पुढं मला आंतरराष्ट्रीय पद्धत शिकवली गेली. पुस्तकं आली, घड्याळ आलं, जिल्हा, राज्य असं करत मी एकदाची देशाच्या मुलींच्या संघात तिसऱ्या पटावर जाऊन बसले. ती परदेशातली स्पर्धा मला आज फारशी आठवत नाही. प्रचंड हॉल, पायांखाली मऊ गालिचा, आणि शेकडो घड्याळांची कळ दाबल्याचा आवाज. शेवटच्या फेरीत आमची गाठ जॉर्जियाशी पडली. माझ्यासमोरची मुलगी माझ्याहून वरच्या दर्जाची होती, सरळ भांग, नखं मुळापर्यंत चावलेली. इतर तीन पटांचे डाव संपले तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. मी जिंकले असते तर आम्हाला पदक होतं. हॉल रिकामा होत गेला आणि आमच्या पटाभोवती माणसं जमत गेली. तिच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं होतं. माझ्याकडे राजा, हत्ती आणि कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. माझा हत्ती तिचं प्यादं एका चालीत मारत होता. पहिलीतल्या मुलानंही ते मारलं असतं.

घड्याळात काही सेकंद होते. विचार करायला नव्हते, हात हलवायला होते. माझा हात त्या प्याद्याच्या दिशेनं गेला आणि त्याच्या वर थांबला. उजव्या हाताचं मधलं पेर मला जाणवलं, एवढं मी शपथेवर सांगते. मग हात मागं आला आणि मी माझं प्यादं एक घर पुढं सरकवलं. पुढचं सगळं लवकर झालं. तिचा राजा प्याद्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, प्यादं धावत सुटलं, ते वजीर होऊ नये म्हणून मला हत्ती द्यावा लागला, आणि माझ्या प्याद्याच्या वाटेत तिचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून त्याला कोणीच हलवू शकत नाही. आम्ही हात मिळवले. कागदावर सही करताना ती मुलगी एकदम हसली, मला नव्हे, स्वतःशीच, रस्त्यात नोट सापडलेल्या माणसासारखी. आमच्या कप्तान चेन्नईच्या बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "का नाही मारलंस?" मी म्हटलं, वेळ कमी होता. संघातल्या मुली परतीच्या विमानात माझ्या रांगेत बसल्या नाहीत. तेही ठीक होतं. मला बोलावं लागलं नाही.

तर अकोला. जेवणं झाली, ऊन उतरलं, ओट्यावर पाणी मारलं गेलं. मोठ्या बाबांनी मला हाक मारली. पट अंथरलेला होता. एका बाजूला बाबांना बसवलं होतं. बाकावर बियाण्यासाठी आलेली माणसं होती, रशीदभाई आपलं दुकान उघडं टाकून आले होते. "म्याडम, मांडा," मोठे बाबा म्हणाले. "बाप झाला तुह्या ती गोरी पोट्टी. दाखव आमाले कसा काय ड्रॉ केला ते." मी तो शेवट मांडला. बाबांनी त्या मुलीचा राजा सरकवला, प्यादं सरकवलं. मोठे बाबा माझ्या हातावर नजर ठेवून होते. जिथं माझा हात थांबला होता तिथं मी पुन्हा माझं प्यादं सरकवलं, आणि ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

"पाह्यलं का रशीदभाई," ते म्हणाले. "मारलं नाही पोट्टीनं. माह्या हाताखालची हाय ते. साता समुद्रापार जाऊन बी माह्याच शिकवनीनं खेळली."

"मगर भाई, वहाँ प्यादा दो घर चलता है, कायदा अलग है ना," रशीदभाई म्हणाले.

"कायदा अलग हाय तं अकलेनं खेळाव. अर्धं इथलं, अर्धं तिथलं, म्हनून अर्धा गुन." ते बाबांकडे वळले. "तुह्यावर गेली. तुले तं अर्धा बी नाही भेटला कधी."

बाकावरचे हसले. बाबांनी पटावरची सोंगटी उचलून तिची धूळ पुसली, जिच्यावर धूळ नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोठ्या बाबांनी त्यांना हातानं उठायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्या जागी बसले.

"खेळ माह्याशी," ते मला म्हणाले. "नियम तुह्ये, इंग्रजीच. जिंकली तं जाय बापासोबत सकाळच्या गाडीनं. हारली तं इथं रायशीन. आन् तुह्या तो ड्रॉ झाला तं बी इथंच रायशीन, काहून का ड्रॉची सवय मोडा लागते. काय रे, कबूल?" शेवटचं त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "हो दादा." मला कोणी विचारलं नाही. आत दाराच्या चौकटीशी मोठी आई उभी होती, हाताला कणीक लागलेली. ती तशी कधी ओट्याच्या दारापर्यंत येत नसे.

प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं ना, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. राजाला घोड्याची चाल नाही ना, नाही म्हटलं. आणखी एकदोन गोष्टी विचारल्या. मी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही यावर पुढं आमच्या नात्यात पुष्कळ वर्षं बोललं गेलं, अजूनही लग्नाकार्यात कोणी विषय काढतं. त्यांनी जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर मी दिलं.

ते चांगले खेळाडू होते, हे मला आजही लपवायचं नाही. पण त्यांचे डोळे एकएक घरानं चालणाऱ्या प्याद्यांना सरावलेले होते. माझी मधली प्यादी दोन-दोन घरं पुढं आली आणि त्यांचे उंट अडकले. त्यांनी बोलायला सुरुवात केली. "हे कॉन्व्हेंटची चाल हाय का वं? सिस्टरनं शिकवली?" मी त्यांचा उंट घेतला. "घे, घे. भुकेली दिसते." घोडा घेतला. रशीदभाई म्हणाले, "भाई, वजीर संभालो," तेव्हा उशीर झाला होता. बाकावरून एकजण थैलीशिवायच उठून एसटीकडे जायला निघाला होता, तो परत येऊन बसला.

मला मात कधीच करता आली असती. वजीर गेल्यावर लगेचच दोन चालींची मात होती, मी ती पाहिली आणि बाजूला ठेवली. मला मात नको होती. मी त्यांचा एक हत्ती घेतला, मग दुसरा, मग प्यादी घेत गेले, एकेक, आणि प्रत्येक सोंगटी पटाच्या कडेला त्यांच्या बाजूला उभी करून ठेवली, त्यांना दिसेल अशी. त्यांच्या मानेवरून घाम गळून बनियनमध्ये जात होता. त्यांनी टोमणे मारायचं सोडलं. कोणीतरी खोकलं तर "बस बे" म्हणाले. मला तेव्हा काय वाटत होतं असं लोक विचारतात. बरं वाटत होतं. इतकं बरं मला त्या घरात कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं राहिलं. माझ्याकडे वजीर होता, दोन्ही हत्ती होते, प्यादीही होती. ओट्यावरच्या सगळ्यांना आता पुढं काय ते माहीत होतं, कारण सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. हे प्यादं ठेवायचं, आणि आपल्या प्याद्यानं मात करायची. मोठे बाबा माझ्या हाताकडे बघत होते. गेली पाच मिनिटं ते एखाद्या आजाऱ्यासारखे दिसत होते. मी हात पुढं केला आणि ते प्यादं मारलं.

बाकावरून श्वास सोडल्याचा आवाज आला. मोठे बाबा मागं रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत येताना मला स्पष्ट दिसलं. मग त्यांना हसू आलं, जुनं, ओळखीचं.

"बुर्जी," ते म्हणाले. "सारं शिकवलं पोरीले, तरी शेवटी खाऊनच घेतलं."

"चलो, बराबरी हो गई," रशीदभाई म्हणाले. "अच्छा हुआ. घर की बात घर में."

"बराबरी झाली म्हंजे पोट्टी रायली," मोठे बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, एक पाय चपलेत सरकवला. "जाय रे, चहा सांगून ये सगळ्याइले. आन् ऐकलं का वं, तिची बॅग वरच्या खोलीत ठेवून दे." मोठी आई चौकटीपासून हलली नाही. बाबाही हलले नाहीत. अमरावतीच्या सगळ्या स्पर्धांना ते माझ्या मागं खुर्ची टाकून बसत आले होते. त्या ओट्यावर माझे सगळे नियम माझ्याखेरीज तेवढ्या एकाच माणसाला माहीत होते. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. मी पाहिलं ते. मोठ्या बाबांचा दुसरा पाय चप्पल शोधत होता. त्या ओट्यावर मी कधी कोणाला ऐकू जाईल असं बोलले नव्हते, त्यामुळे आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"बसा, मोठे बाबा," मी म्हटलं. "माझ्या नियमांत बुर्जी नसते. चाल तुमची आहे."